पाटे वाढवले की गाडीत जास्त माल नेता येतो का? जुनी फोर बाय फोर घेण्याआधी हे गणित समजून घ्या

नालासोपारा पूर्वेच्या आचोळे रोडवर छोट्या मालवाहू गाड्यांची ये-जा दिवसभर सुरू असते. सिमेंटच्या गोण्या, विटा, पाण्याच्या टाक्या, मंडपाचं सामान, फर्निचर, काय वाट्टेल ते. कुणाला वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांकडे जायचं असतं, कुणाला पेल्हारवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठायचा असतो, तर कुणाला पुढे वाडा, जव्हार, मोखाड्यापर्यंत माल पोहोचवायचा असतो. यातल्या काही गाड्यांची मागची बाजू खाली बसलेली आणि बोनेट वर उचललेलं दिसतं.

गाडी अशी बसायला लागली, की गॅरेजमध्ये एक ठरलेला सल्ला मिळतो. ‘मागे एकेक पाटा वाढवून घ्या.’ पाटा टाकला की गाडी खरोखरच वर येते. मग मालकाला वाटतं, आता आपली एक टनाची गाडी दीड टनाची झाली.

पण तसं होतं का? तर नाही. गाडी बसत नाही, एवढंच होतं. तिची क्षमता जिथे होती तिथेच राहते. हा फरक लक्षात आला नाही तर खिशाला, लायसन्सला आणि प्रसंगी जिवालाही फटका बसू शकतो. म्हणूनच हे नेमकं काय प्रकरण आहे ते सविस्तर बघू.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा आहे?

दोन गोष्टी झाल्यात. पहिली म्हणजे ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एक महत्त्वाचा निकाल दिला. हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स असणाऱ्याला साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला वेगळ्या परवान्याची गरज नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. त्यामुळे कार चालवणारा माणूस पिकअप घेऊन धंदा सुरू करू शकतो. पण कारवर शिकलेल्या माणसाला भरलेल्या गाडीच्या ब्रेकचा अंदाज असतोच असं नाही.

दुसरी म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली. त्यामुळे जुनी फोर बाय फोर घेऊन तिच्यावर खर्च करायचा, की सरळ जास्त क्षमतेची नवी गाडी घ्यायची, हा हिशोब नव्याने मांडावा लागतोय.

गाडी किती माल नेऊ शकते, हे ठरतं कसं?

आरसीवर दोन आकडे महत्त्वाचे असतात. एक, रिकाम्या गाडीचं वजन. दोन, मालासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन, म्हणजे ग्रॉस व्हेईकल वेट. यांची वजाबाकी म्हणजे तुमची क्षमता.

पण इथेच पहिली गफलत होते. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, त्यात ड्रायव्हर आणि मदतनीसाचं वजन धरलेलं नाही. म्हणजे ते मालाच्या वाट्यातून जातं.

समजा एका गाडीचं एकूण वजन २,७०० किलो आणि रिकामं वजन १,७०० किलो आहे. कागदावर क्षमता १,००० किलो. आता ड्रायव्हर आणि दोन माणसं मिळून २१० किलो. मालकाने नंतर बसवलेला लोखंडी कॅरिअर, जाड पत्र्याचा हौदा आणि पुढचा गार्ड मिळून ९० किलो. उरले ७०० किलो. म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या फक्त १४ गोण्या.

दुसरी गफलत मालाच्या वजनाची. पाण्याचं सोपं असतं, १,००० लिटर म्हणजे १,००० किलो आणि वर टाकीचं वजन. पण रेती फसवते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढी कोरडी रेती साधारण सव्वाचार टन भरते. ओली असली तर आणखी जड. म्हणजे ‘अर्धा ब्रासच तर आहे’ म्हणत भरलेली रेती दोन टनांच्या वर जाते. एक टनाच्या गाडीवर हा दुपटीहून जास्त माल झाला.

मग पाटे नेमकं काय करतात?

पाटे म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या एकावर एक ठेवलेल्या कमानदार पट्ट्या. वजन पडलं की त्या वाकतात, वजन उतरलं की परत कमान धरतात. बोलेरो, बोलेरो कॅम्पर, जुनी थार अशा गाड्यांना मागे पाटे असतात. जिप्सीला तर चारही चाकांना. २०२० नंतरच्या थारला मात्र कॉइल स्प्रिंग आहेत.

आता गणित बघा. समजा दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे पाच-पाच पाटे आहेत आणि एक टन माल भरल्यावर गाडी १०० मिलिमीटर खाली बसते. दोन्ही बाजूंना तसाच एकेक पाटा वाढवला तर कडकपणा ढोबळमानाने २० टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच मालाला गाडी आता साधारण ८३ मिलिमीटर बसेल.

म्हणजे दिसायला १७ मिलिमीटरचा फरक पडला. पण ॲक्सलवर, बेअरिंगवर, टायरवर जे वजन येत होतं, ते एक किलोनेही कमी झालं नाही. उलट नव्या पाट्यांचं वजन त्यात वाढलं.

पाट्याच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा असतो. कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी १० टक्क्यांनी वाढली तर पाटा ३३ टक्क्यांनी कडक होतो. त्यामुळे ‘थोडा जाड टाकू’ म्हणून जुन्यांमध्ये एकच नवा जाड पाटा बसवला, की सगळ्यात जास्त ताण त्या एकट्यावर येतो. बाकीचे नावाला राहतात आणि तो लवकर तुटतो.

गाडी बसत नाही, तर बिघडलं कुठे?

गाडीचं खाली बसणं ही एक सूचना असते. पाटे वाढवून ती सूचना बंद होते, पण वजन तसंच राहतं. ते वजन पेलणाऱ्या बाकीच्या भागांकडे बघू.

ब्रेक : अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एका छोट्या दांडीने तो ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी जितकी खाली बसेल, तितका माल जास्त, असं समजून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. पाटे वाढवून गाडी वर उचलली की या व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. मग तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे गाडीत माल जास्त आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी, अशी उलटी स्थिती होते. पाटे बदलल्यावर हा व्हॉल्व्ह कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने पुन्हा सेट करावा लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट सहज राहून जाते.

टायर : टायरच्या बाजूला त्याची भारक्षमता सांगणारा एक आकडा असतो. तो १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०४ असेल तर ९०० किलो आणि १०८ असेल तर १,००० किलो. तेही हवा बरोबर असेल तरच. मागच्या दोन टायरांवर १०० लिहिलं असेल, तर मागच्या ॲक्सलवर १,६०० किलोच्या वर वजन टाकायचं नाही. मग पाटे कितीही असोत.

ॲक्सल आणि चेसिस : जादा वजनाने ॲक्सलचं हाउसिंग हळूहळू वाकतं, बेअरिंग आवाज करतात, हबमधून ऑइल गळतं. कडक पाटे खड्ड्यांचा धक्का पुरेसा शोषत नाहीत, तो थेट चेसिसला देतात. मग जिथे पाटे चेसिसला अडकवलेले असतात, तिथे चिरा पडायला सुरुवात होते.

माल कुठे ठेवलाय, यानेही फरक पडतो

वजन तेवढंच, पण जागा बदलली तर हिशोब बदलतो. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तीन मीटर अंतर आहे. ३०० किलोचा माल मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे, म्हणजे फळक्याजवळ ठेवला. अशा वेळी मागच्या ॲक्सलवर ३०० नाही, ४०० किलो येतात. आणि पुढच्या चाकांवरचं वजन १०० किलोने कमी होतं.

पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, पावसात गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हाच माल केबिनला लागून ठेवला तर गाडी कमी बसते. पाटा वाढवण्याआधी हा फुकटचा उपाय करून बघायला हरकत नसते.

फोर व्हील ड्राइव्ह असल्यावर जास्त माल नेता येतो ना?

हा मोठा गैरसमज आहे. फोर व्हील ड्राइव्हने इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते. चिखलात, वाळूत, कच्च्या चढावर चाक जागेवर फिरत राहत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात माल न्यायचा असेल तर त्याचा खरंच उपयोग होतो.

पण माल पेलण्याशी त्याचा संबंध नाही. उलट ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल आणि जादा शाफ्ट यांचं वजन क्षमतेतूनच जातं. शिवाय मागची बाजू जास्त उचलली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या जॉइंटवर ताण येऊन गाडी थरथरायला लागते.

मग पाट्यांना हातच लावायचा नाही का?

लावायचा ना. जुन्या गाडीचे पाटे थकलेले असतात. आरसीवरचा एक टन नेतानाही ती जास्त बसते, एका बाजूला कलते. अशा वेळी सस्पेन्शन मजबूत करणं गरजेचंच असतं. फक्त हेतू स्पष्ट हवा. गाडीला तिची मूळ क्षमता परत मिळवून द्यायची आहे, नवी क्षमता तयार करायची नाही.

यात सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे कंपनीच्या मापाचा पाट्यांचा पूर्ण नवा संच, दोन्ही बाजूंना एकाच वेळी. सोबत नवे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश आणि शॅकल पिन. यू-बोल्ट जुने वापरायचे नाहीत आणि गाडी काही दिवस चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्यायचे. शॉकअपही तपासायचे. पाटा वजन पेलतो आणि त्याची उसळी शॉकअप रोखतो. तो गेलेला असेल तर नव्या पाट्यांवर गाडी उड्या मारते.

जुने पाटे भट्टीत तापवून पुन्हा कमान देणं स्वस्त पडतं. पण स्प्रिंग स्टीलला ठरावीक तापमानाला कडक करून पुन्हा मऊ करावं लागतं. ही प्रक्रिया नीट झाली नाही तर पाटा काही महिन्यांत परत बसतो किंवा तुटतो.

हेल्पर पाटा हा मधला मार्ग आहे. तो रिकाम्या गाडीत टेकत नाही, ठरावीक माल भरल्यावरच कामाला लागतो. त्यामुळे रिकामी गाडी आदळत नाही. चेसिस आणि ॲक्सलच्या मध्ये बसवायच्या एअरबॅगही मिळतात. त्यात हवा भरून उंची कमी-जास्त करता येते. पण पाटा आपलं वजन चेसिसवर दोन टोकांना वाटून देतो, तर एअरबॅग ते एकाच जागी दाबते. आणि ती जागा एवढ्या वजनासाठी बनवलेली नसते. ऑस्ट्रेलियात जादा माल आणि एअरबॅग यांच्या जोडीने डबल केबिन पिकअपच्या चेसिस केबिनच्या मागे वाकल्याची उदाहरणं यातूनच आली.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कंपनीच्या मापाचे पाटे बदलणं ही दुरुस्ती आहे, तिथे अडचण नाही. अडचण येते ती जादा वजनाची. कलम ११३ नुसार आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा किंवा ॲक्सलच्या मर्यादेपेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवता येत नाही. कलम १९४ मध्ये त्यासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. एक टन जास्त असेल तर २२ हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच.

आणखी एक तरतूद मालकांना माहीत असायला हवी. गाडी पगारी ड्रायव्हर चालवत असेल, तरी जादा माल मालकाच्या माहितीने किंवा सांगण्यावरून भरला होता, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. ड्रायव्हरची बाजूही नाजूक असते. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की ओव्हरलोडिंगसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. तीन महिने लायसन्स नाही, म्हणजे तीन महिने कमाई नाही. अपघात झाला तर विमा कंपनी जादा वजनाचं कारण देऊन दावा कमी करू किंवा नाकारू शकते.

मग क्षमता वाढवण्याचा कायदेशीर मार्ग कुठेच नाही का?

ऑस्ट्रेलियात आहे. तिथे त्याला ‘जीव्हीएम अपग्रेड’ म्हणतात. मात्र त्यात फक्त स्प्रिंग बदलत नाहीत. त्या गाडीसाठी तयार केलेला पूर्ण संच वाढीव वजनासह आणि ब्रेकसह तपासलेला असतो, मान्यताप्राप्त इंजिनिअर प्रमाणपत्र देतो, गाडीवर नवी प्लेट लागते आणि नोंदणीत नवं वजन चढतं.

आपल्याकडे गाडीचं एकूण वजन कंपनी ठरवते आणि पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था चाचणी घेऊन ते प्रमाणित करते. या चाचणीत ब्रेकपासून टायरपर्यंत सगळं त्या वजनाला धरून बघितलेलं असतं. गॅरेजमध्ये वाढवलेल्या पाट्याने यातला कुठलाच आकडा बदलत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची भारमर्यादा साधारण २० ते २५ टक्क्यांनी वाढवली, त्याचा दाखला बरेच जण देतात. पण ती ॲक्सलवरच्या भाराची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. त्याने छोट्या पिकअपच्या आरसीवरचं वजन आपोआप वाढलेलं नाही.

जुनी गाडी घेताना काय तपासायचं?

१. सपाट जागेवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्या बाजूत स्पष्ट फरक असेल तर पाटे थकलेत किंवा तुटलेत.

२. पाटे मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. पाटे जास्त असतील तर आधीच्या मालकाने गाडीवर काय लादलं असेल, याचा अंदाज येतो.

३. गाडी लिफ्टवर घेऊन चेसिस बघा. पाट्यांच्या हँगरजवळ चिरा, वेल्डिंगच्या खुणा किंवा सुरकुतलेला रंग दिसला तर सौदा सोडलेला बरा. वसईच्या खाऱ्या हवेत आणि साचलेल्या पाण्यात चाललेल्या गाडीचा गंजही इथेच दिसतो.

४. मागचे टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेत का? ॲक्सल वाकल्याची ती खूण असू शकते.

५. गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. मालकाने वाढवलेल्या लोखंडाचं खरं वजन तिथेच कळतं.

६. फिटनेसची तारीख बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

शेवटी हिशोब काय सांगतो?

रोजचा माल आरसीच्या मर्यादेत बसत असेल आणि वाट कच्ची असेल, तर जुनी फोर बाय फोर घेऊन तिचे पाटे, शॉकअप, टायर आणि ब्रेक नीट करून घेणं फायद्याचं ठरू शकतं. पण रोज दीड-दोन टन न्यायचे असतील आणि रस्ता डांबरी असेल, तर ही गाडी त्या कामाची नाही. बोलेरो कॅम्परची क्षमता एक टनाची आहे. त्याच कंपनीच्या पिकअपमध्ये १.३ टनांपासून दोन टनांपर्यंतची मॉडेल आहेत, टाटा योद्धाचंही दोन टनांचं मॉडेल आहे. जुन्या गाडीची किंमत, तिच्यावरचा खर्च आणि एका दंडाचे २२ हजार एकत्र धरले, की नव्या गाडीच्या हप्त्याशी तुलना करता येते.

यात रस्त्याचाही मुद्दा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान रस्त्यांवर मोठी चाचणी झाली होती. ॲक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं, असं त्यातून पुढे आलं. म्हणजे वजन २० टक्क्यांनी वाढलं तर नुकसान जवळपास दुप्पट. पावसाळ्यात जे खड्डे पाटे तोडतात, ते पाडण्यात जादा मालाचाही वाटा असतो.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजमध्ये पाटा वाढवायचा विषय निघाला, तर आधी भरलेली गाडी एकदा काट्यावर चढवून बघा. वजन आरसीच्या आत असेल तर पाटे थकलेत, ते बदला. वजन आरसीच्या वर असेल तर माल दोन खेपांत न्या किंवा मोठी गाडी बघा.